सहा मंडळ्या, एक पंगत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कुही तालुक्यातल्या माणसाला संगम म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तालुक्याच्या टोकाला अंभोरा आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्या तिथे एकत्र येतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांनी ‘विवेकसिंधु’ याच काठावर रचला, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेलो, की मी एक प्रश्न हमखास विचारत असे : ‘‘बाबा, पुढे जाणाऱ्या या पाण्यात कन्हानचे पाणी कोणते?’’ वडील हसून म्हणत, ‘‘आता ते कोण सांगणार? पुढे सगळी वैनगंगाच.’’

आज मला एका वेगळ्या संगमाविषयी बोलायचे आहे. तो नद्यांचा नाही, माणसांचा आहे. तो आपल्या नागपुरात झाला आणि तरी नागपूरकरांपैकी फारच थोड्यांना त्याची आठवण आहे.

मी १९६९ साली शिकायला नागपूरला आलो. त्या वेळी कुहीहून इतवारीला नॅरोगेजची गाडी येत असे. (ती गाडी २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली.) माझा एक वर्गमित्र ख्रिस्ती होता. त्याच्यामुळे २९ नोव्हेंबर १९७० या रविवारी मी सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या बाहेर उभा राहिलो होतो. रस्त्यावर परगावच्या माणसांची गर्दी होती. कानांवर पडणाऱ्या निम्म्या भाषा मला कळत नव्हत्या. मी मित्राला विचारले, ‘‘कुणाचे लग्न आहे का?’’ तो म्हणाला, ‘‘तसेच समज. सहा घरे एक होताहेत.’’

त्या दिवशी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या संयुक्त मंडळीची स्थापना झाली. नाव उत्तर भारताचे असले तरी आपला महाराष्ट्रही तिच्यात आहे. दक्षिणेत असेच ऐक्य आधी झाले होते. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये ‘चर्च ऑफ साऊथ इंडिया’ स्थापन झाले. नागपुरात एकत्र आलेल्या मंडळ्या सहा होत्या : अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल पंथांची १९२४ मध्ये बनलेली संयुक्त मंडळी, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट.

ही नावे ऐकून तुम्ही गोंधळला असाल. मीही गोंधळलो होतो. येशू एक, बायबल एक, मग ही सहा घरे आली कुठून?

याचे उत्तर नागपुरात मिळत नाही, ते युरोप-अमेरिकेत शोधावे लागते. इंग्लंडच्या राजाने सोळाव्या शतकात पोपशी संबंध तोडले, त्यातून अँग्लिकन मंडळी निघाली. ब्रदरेन पंथ १७०८ मध्ये जर्मनीतल्या एका छोट्या गावात सुरू झाला. जॉन वेस्लीच्या अठराव्या शतकातल्या चळवळीतून मेथडिस्ट निघाले. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा की जाणत्या वयात मागणाऱ्यालाच द्यावा, या वादातून बॅप्टिस्ट वेगळे झाले. डिसायपल्स ही एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन शाखा. गंमत म्हणजे ती पंथ मोडून एकी करण्यासाठीच निघाली आणि आणखी एक पंथ होऊन बसली!

आपल्या नागपूरचे उदाहरण घ्या. स्कॉटलंडमध्ये १८४३ साली तिथली राष्ट्रीय मंडळी फुटली. वादाचे मुख्य कारण असे, की गावचा पाळक कुणी नेमायचा, तिथल्या जमीनदाराने की मंडळीतल्या लोकांनी? बाहेर पडलेल्यांनी ‘फ्री चर्च’ काढले. त्याच फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. भोसल्यांचे राज्य अजून होते. त्यांनी शाळा काढली, गोंडांच्या कथा-गीतांची टिपणे केली, इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या मृतांसाठी मांडलेले ते दगड होते. हिस्लॉप कॉलेजमुळे त्यांचे नाव आज घरोघरी माहीत आहे. पण विचार करा : स्कॉटलंडच्या जमीनदाराचा आणि नागपूरच्या नव्या ख्रिस्ती माणसाचा संबंध काय? तरी तो बिचारा बाप्तिस्मा घेताच त्या भांडणाचा वारसदार झाला.

आणि हे भांडण नुसते नावापुरते नव्हते, ते पंगतीपर्यंत पोचत होते.

ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी एक जेवण आहे. त्याला प्रभुभोजन म्हणतात. येशूने मृत्यूच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर भाकर आणि द्राक्षारस वाटून घेतला, त्याची ती आठवण. घासभर भाकर, घोटभर रस. पण त्या मेजावर कुणी यायचे आणि कुणाच्या हातून घ्यायचे, याचे नियम मंडळीमंडळीत निराळे होते. ज्याला बिशपने दीक्षा दिलेली नाही अशा पाळकाच्या हातचे काहींना चालत नसे. जाणत्या वयात बाप्तिस्मा न झालेल्याला काही जण आपल्या मेजावर घेत नसत.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. कुणाच्या हातचे खावे, कुणाच्या पंगतीला बसावे, याच प्रश्नांवर आपले सामाजिक आयुष्य शतकानुशतके उभे होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना आठवेल. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नवरा-बायकोत भिंत उभी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. मग हळूहळू, स्वतःशी झगडत, त्यांनी ते सोवळे सोडले. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. एका घरात दोन चुली असण्याचे दुःख त्यांच्याइतके स्वच्छ मराठीत क्वचितच कुणी सांगितले असेल.

माझ्या वर्गमित्राच्या घरीही अशा दोन चुली होत्या, पण त्या रविवारपुरत्या. त्याचे आजोबा एका मंडळीचे आणि आजी दुसऱ्या. दोघे चाळीस वर्षे एका ताटात जेवल्यासारखे राहिले. मात्र रविवारी तिच्या मेजावर आजोबांना प्रवेश नव्हता, आणि त्यांच्या मेजावर जाणे तिच्या मंडळीला पसंत नव्हते. तिच्याबरोबर गेले तर आजोबा मागच्या बाकावर बसून राहत आणि ती पुढे जाऊन एकटीच गुडघे टेकत असे. आजी १९६६ मध्ये वारली. एकी होणार होणार हे ती तरुणपणापासून ऐकत होती.

खरोखरच ते फार वर्षे चालले होते. एकीच्या बोलण्यांना उत्तर भारतात १९२९ मध्ये लखनौला सुरुवात झाली आणि प्रत्यक्ष एकी व्हायला १९७० उजाडले. म्हणजे एकेचाळीस वर्षे! इतकी वर्षे काय करत होते, असे आपण सहज म्हणतो. पण अडचणी खऱ्या होत्या. बॅप्टिस्टांनी तान्ह्यांचा बाप्तिस्मा कसा मान्य करायचा? अँग्लिकनांनी बिशपपद कसे सोडायचे? आणि ज्यांनी बिशप कधी पाहिला नाही, त्यांनी तो का स्वीकारायचा?

शेवटी तोडगा निघाला तो असा. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती नव्या मंडळीत राहतील. ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे निवडावी. बिशप राहील, पण तो राजासारखा नाही. नियमांनी बांधलेला आणि सभेबरोबर चालणारा. राहिला सर्वांत नाजूक प्रश्न पाळकांचा : कुणाची दीक्षा खरी? दक्षिणेत १९४७ मध्ये असे ठरले होते, की असलेले पाळक आहेत तसे राहू द्यावेत, नव्यांना बिशपने दीक्षा द्यावी. त्यावर पुढे इंग्लंडमध्ये बरीच वर्षे खळखळ चालली. नागपुरात निराळा मार्ग घेतला. सहाही मंडळ्यांच्या प्रतिनिधी पाळकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. कुणाची दीक्षा अपुरी होती, कुणाची पुरी, याचा निवाडा केला नाही. ज्याच्यात जे उणे असेल ते देवाने भरून काढावे, एवढेच मागितले.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मी वर्गात अनेक तह शिकवले. कोण जिंकले, कोण हरले, कुणी काय गमावले, हे फळ्यावर दोन रकाने पाडून लिहायची आमची पद्धत. या प्रसंगाला ते रकाने पाडता येत नाहीत. एकेचाळीस वर्षे ज्या प्रश्नावर वाद झाला, त्यावर निकाल न देताच तो उपासनेत ठेवून दिला गेला. चर्चेच्या मेजावर जे सुटले नाही, ते गुडघे टेकल्यावर सुटले.

आणि खरे सांगायचे तर चर्चा संपायच्या फार आधी गाणे एक झाले होते.

याचीही एक वाट नागपुरातून जाते. नारायण वामन टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला. पुढचा सगळा इतिहास त्या डब्यातून सुरू झाला. टिळक ख्रिस्ती झाले, पण तुकोबांना त्यांनी सोडले नाही. उलट आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांनी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) राहून मराठीत भजने, अभंग, गीते लिहिली. तोवर मराठी ख्रिस्ती लोक बहुधा इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरे गात असत. आता टाळ, तबला आणि पेटी उपासनेत आली. ही गीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून निरनिराळ्या मंडळ्यांत गायली जाऊ लागली. रविवारी प्रभुभोजनाला वेगळे बसणारे लोक, गाताना एकच गीत एकाच चालीत गात होते. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, टिळकांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. १९१९ साली ते गेले. तो दरबार फार टिकला नाही. गीते मात्र टिकली.

ही ओढही नवी नव्हती. गोव्यात इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले ते ओवीतच. कॅथलिक मिस्सा मात्र शतकानुशतके लॅटिनमध्ये होत राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट मोकळी केली आणि मग मिस्सेतही मराठी घुमू लागली.

आता स्वर्गाविषयी. मी ख्रिस्ती नाही. माझ्या मित्राबरोबर मी १९७० च्या नाताळात पहिल्यांदाच पूर्ण उपासना ऐकली. प्रभुभोजनाच्या आधीची एक प्रार्थना ऐकून मी थबकलो. तिचा आशय असा, की आम्ही इथे जे स्तोत्र गात आहोत ते आम्ही एकटे गात नाही. देवदूत आणि स्वर्गातला सगळा समुदायही आमच्याबरोबर हेच गात आहे. मग देवाला तीन वेळा ‘पवित्र’ म्हणणारे ते प्राचीन स्तोत्र सगळ्यांनी मिळून गायले. हे स्तोत्र यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून आलेले आहे. केरळचे सिरियन ख्रिस्ती ते म्हणतात, रोमचे कॅथलिक म्हणतात, इंग्लंडचे अँग्लिकनही म्हणतात. त्यांच्या समजुतीप्रमाणे उपासनेत गेलेले आणि राहिलेले यांच्यामधला पडदा बाजूला होतो. ऑल सेंट्स, म्हणजे सर्व संत, या नावाचाही अर्थ तोच. प्रसिद्ध संत तर त्यात आलेच, पण ज्यांची नावे कुणालाच माहीत नाहीत असे साधे भाविकही आले.

आपल्याकडेही हे आहेच की! ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, तुकोबा सतराव्या शतकातले. मध्ये साडेतीन शतके गेली. तरी वारकरी एका श्वासात ‘ज्ञानबा-तुकाराम’ म्हणतो आणि ते दोघे दिंडीत त्याच्याबरोबर चालत असतात. भक्ताचे पंचांग इतिहासकाराच्या पंचांगापेक्षा निराळे असते.

त्या नाताळात मित्राचे आजोबा पहिल्यांदाच आपल्या बायकोच्या जुन्या मेजाशी गेले. आता मंडळी एकच होती, अडवणारे कुणी नव्हते. ती जिथे गुडघे टेकत असे, तिथेच त्यांनी गुडघे टेकले. संध्याकाळी आम्ही घरी फराळाला बसलो होतो. म्हातारा बराच वेळ गप्प होता. मग नातवाला म्हणाला, ‘‘बाबू, आज मी अन् तुझी आजी एका पंगतीत बसलो.’’

कुणी काही बोलले नाही. मला त्या वेळी ते म्हातारपणाचे बोलणे वाटले. पुढे कळले, की ते त्यांच्या उपासनेच्या अर्थाला अगदी धरून होते. ज्या पंगतीत गेलेलेही बसतात असे मानले, तिथे चार वर्षांपूर्वी गेलेली बायको नवऱ्याशेजारी का नसावी? जिवंतपणी जे नियमांनी होऊ दिले नाही, ते तिच्या माघारी झाले. पण तिच्या माघारी झाले, ही बोच मात्र राहिलीच.

इथे सगळे गोड करून थांबणे मला पटत नाही. नागपूरचा संगम पूर्ण नव्हता. मेथडिस्टांची मोठी शाखा, अमेरिकन परंपरेतली, ऐन वेळी १९७० मध्येच बाजूला राहिली आणि आजही स्वतंत्र आहे. कॅथलिक मंडळी वेगळी आहे. तिचे आणि इतरांचे प्रभुभोजनाचे मेज अजून एक झालेले नाही. दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला जगभर ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह असतो. त्यात हे सारे एकत्र प्रार्थना करतात, एकत्र गातात. भाकरीपाशी मात्र पुन्हा थांबतात. एकीनंतर जमीनजुमल्याचे खटलेही कोर्टांत गेले. आणि जातीचे काय? देशात काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीच्या भिंती घातल्या गेल्या. ज्यांनी स्कॉटलंडचे भांडण मिटवले, त्यांना घरचे भांडण सहज मिटवता आले नाही. आपणही बोट दाखवू नये. चोखोबांचे अभंग सगळ्यांनी गायले, पण त्यांच्या लोकांना पंढरीच्या मंदिराचे दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. गाण्यात एक होणे सोपे असते, पंगतीत अवघड.

म्हणूनच मला त्या १९७० च्या रविवारचे मोल वाटते. तिथे माणसे गाण्यावरच थांबली नाहीत, पंगतीपर्यंत गेली.

आणि ती आपले सगळे पुसून गेली नाहीत. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, स्वर्गातल्या उपासनेचे एक दृश्य आहे. कुणाला मोजता येणार नाही एवढा समुदाय सिंहासनापुढे उभा आहे, आणि त्यात प्रत्येक राष्ट्राचे, वंशाचे, भाषेचे लोक आहेत असे तिथे सांगितले आहे. म्हणजे स्वर्गात गेल्यावरही पाहणाऱ्याला भाषा वेगवेगळ्या ओळखू येतात! नव्या मंडळीतही बाप्तिस्म्याच्या दोन रीती राहिल्या, मराठी भजन राहिले, बंगाली आणि गुजराती गीतेही राहिली.

गोसीखुर्दचे पाणी भरल्यापासून अंभोऱ्याचा संगम पूर्वीसारखा दिसत नाही. गावे उठली, काठ बुडाले. वैनगंगेवर आता उंच नवा पूल झाला आहे. त्यावरून खाली पाहिले की चहूकडे एकच सपाट पाणी. कोणती नदी कुठून आली हे नव्या मुलांना सांगावे लागते. एकी अशीही होते, सगळ्यांना बुडवून. पण ती मला नको वाटते.

काही वर्षांपूर्वी माझा तो वर्गमित्र गेला. दफनाच्या वेळी त्याच्या मुलांनी टिळकांचे एक भजन धरले. चाल माझ्या ओळखीची होती. शब्दही निम्मे पाठ होते. शेजारी कुणी कॅथलिक होते, कुणी मेथडिस्ट, दोघे-तिघे माझ्यासारखे कुहीकडचे. सगळे गात होते. आवाज बेसूर होते, वेगवेगळे ओळखू येत होते. कन्हानचे पाणी कोणते, हे त्या दिवशी मला सांगता आले असते.

मला आजोबा आठवले. त्यांच्या पंगतीत आता आणखी एक पान मांडले गेले असेल.